रात्री अकराला हवेतली माशी पकडणारी चिंगी

मनवा_नाशिक | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरात चौघांची चार मतं झाली आहेत आणि मला रात्रीची झोप लागत नाही, म्हणून लिहिते.

आमची चिंगी सात वर्षांची आहे. गावठी. भर पावसात सोसायटीच्या जिन्याखाली सापडली तेव्हा जेमतेम दीड महिन्याची असेल. गुळाच्या ढेपेचा रंग, एक कान उभा, एक पडलेला. स्वभाव इतका शांत की गॅसवाला आला तरी फक्त मान वर करून बघते आणि परत झोपते.

गणपती झाल्यापासून मात्र एक वेगळंच सुरू झालंय. रात्री साडेनऊला ती जेवते आणि झोपते. अकराच्या सुमारास उठून बसते, मान लांब करून छताकडे बघते आणि मग हवेत कचकन तोंड मारते, माशी पकडल्यासारखं. पण माशी नसते, चिलट नसतं, काही नसतं. मी बॅटरी मारून पाहिलं आहे. असं पाच-सात वेळा होतं आणि मग ती खाली मान घालून फरशी चाटायला लागते. एकच फरशी, दहा-पंधरा मिनिटं. हाक मारली की एकदा माझ्याकडे बघते आणि परत चाटू लागते. आठवड्यातून चार-पाच रात्री हेच चालतं. दिवसा काही नाही. जेवण, फिरणं, शी-शू सगळं नेहमीसारखं.

चार दिवसांपूर्वी अप्पा (माझे सासरे) तिला फरशीवरून उठवायला गेले. पोटाखाली हात घालून उचलू लागले तर गुरगुरली आणि मनगटाला दात लागला. दोन ओरखडे उठले, रक्त नाही आलं. सात वर्षांत तिने कुणावर दात दाखवला नव्हता. अप्पा तर तिचे सगळ्यात लाडके. तेव्हापासून ते काही बोलत नाहीत, फक्त संध्याकाळी तिला फिरायला नेत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं, तिला काहीतरी दिसतं. शेजारच्या काकूंनी अमावास्येला नारळ उतरवून टाकायला सांगितलंय. नवरा म्हणतो, लक्ष वेधून घ्यायचे चाळे आहेत. आपण ओरडलो की चेहरा कसा अपराधी करते बघ, म्हणजे तिला सगळं कळतं. एका डॉक्टरांना फोन केला तर "वयाप्रमाणे होतं, लक्ष देऊ नका" म्हणाले. आणि एका ट्रेनरला बोलावलं, त्याने सांगितलं की ही घरात वरचढ होऊ पाहतेय, असं केलं की उताणी पाडून मानेला धरून ठेवायचं, तिने नजर खाली टाकेपर्यंत.

ते मी एकदा केलं. तिने जागेवरच लघवी केली. नंतर दोन दिवस माझ्या खोलीत आली नाही. ते डोळे माझ्यासमोरून जात नाहीत.

कुणाच्या कुत्र्याने असं केलंय का?

पारिजात_ | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:५२

मनवा, आधी स्वतःला दोष देणं थांबव.

हवेत तोंड मारण्याचं मला माहीत नाही. पण काहीच नसताना बघते म्हणालीस, तर आपल्यासाठी काही नसलं तरी त्यांच्यासाठी असू शकतं. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो, कुत्र्यांना ४५ हजारांच्या आसपासपर्यंत. आमचा टायगर महिनाभर टीव्हीमागच्या भिंतीवर भुंकत होता. शेवटी खोक्यामागे चिचुंद्रीची पिल्लं निघाली.

पशुवैद्य_शिरवळ | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

मनवाताई, चिंगीचं नंतर बोलू. आधी अप्पांना आजच्या आज दवाखान्यात न्या. चार दिवस झाले असले तरी न्या.

रक्त आलं नाही म्हणून लोक घरी बसतात. दात लागून ओरखडा उठला की रेबीजची लस घ्यायची, रक्त येवो न येवो. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. दंडात घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ अशा दिवशी, त्वचेत घ्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८. तुमच्यासाठी आजचा दिवस म्हणजे शून्य. पुढच्या वेळी कुणालाही दात लागला तर लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही.

चिंगीची रेबीजची लस कधी झाली होती, तारीख सांगा. चावल्यापासून दहा दिवस तिच्यावर नजर ठेवा. खाणं-पिणं सोडलं, आवाज बदलला, लाळ गळू लागली, पाय लटपटले तर तिला हात न लावता मला इथे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवा.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही. तिला रेबीज असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज झालेलं कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत मरतं, आणि तुम्ही अडीच-तीन महिन्यांचं सांगताय. पण माणसात हा आजार एकदा उभा राहिला की हातात काही उरत नाही, म्हणून इथे शक्यतेचा हिशोब करायचा नसतो.

मनवा_नाशिक | १९ नोव्हेंबर, दुपारी २:३०

जाऊन आलो. पहिलं इंजेक्शन झालं. अप्पा आधी "एवढ्याशा ओरखड्याला काय" म्हणत होते, मग मी तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

चिंगीची लस ऑगस्टमध्ये द्यायची होती, राहून गेली. फाइल उघडली तेव्हा कळलं. खूप वाईट वाटलं.

खाडीकाठ | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

सासूबाईंवर रागावू नका. माझ्या आजोळी, दाभोळच्या खाडीजवळ, कुत्रं रात्री रडलं की अंगणात पाणी ओतायचे. कुत्र्याला यम दिसतो, ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे. दत्ताच्या पायाशी कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रा. आपल्या माणसांनी या प्राण्याला आपल्याहून जास्त दिसतं असंच धरलंय. त्यात प्रेमही आहे.

पण एक सांगते. मी नववीत असताना आमचा खंड्या सलग आठ रात्री विव्हळत होता. आजोबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. सगळ्यांनी मनोमन धरलं की आता त्यांचं काही खरं नाही. मुंबईहून मामाला बोलावून घेतलं. नवव्या दिवशी मामाने खंड्याचं डोकं मांडीवर घेतलं तर कानातून घाण वास. आत जखम होऊन अळ्या पडल्या होत्या, पावसाळ्यात पडतात तशा. त्या काढल्या, औषध भरलं, तिसऱ्या रात्रीपासून खंड्या गप्प झोपला. आजोबा त्यानंतर चार वर्षं होते.

आठ रात्री तो आम्हाला कान दुखतोय हेच सांगत होता आणि आम्ही आजोबांच्या खाटेकडे बघत होतो.

रणजित_के | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मला थोडं वेगळं म्हणायचंय. ट्रेनरला सरसकट वेड्यात काढू नका. माझा जर्मन शेफर्ड दोन वर्षांचा असताना जेवणाच्या भांड्याजवळ कुणाला फिरकू देत नव्हता. त्याला तसंच उताणं धरलं, दोन-तीनदा. सुधारला. कळपात एक म्होरक्या असतो, घरात तो आपण असायला हवं.

देवराई | १९ नोव्हेंबर, रात्री १०:२५

रणजितदादा, हा म्होरक्याचा विचार कुठून आला ते सांगतो, कारण मीही बरीच वर्षं तेच मानत होतो.

रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली लांडग्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ते लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले होते, कुंपणात एकत्र कोंडलेले. अशा ठिकाणी मारामाऱ्या होणार आणि एक जण वरचढ ठरणार. पुढे अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी 'अल्फा', म्हणजे म्होरक्या, हा शब्द आपल्या लिखाणातून लोकांपर्यंत नेला. मग ते कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांमध्ये राहिले आणि १९९९ साली त्यांनी स्वतःच लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पिल्लं. बापाने पोरांना रोज उताणं पाडून बाप व्हावं लागत नाही.

आणि चिंगी लांडगाही नाही. ती रात्री अकराला छताकडे बघून तोंड मारते, यात कुणावर वरचढ होणं कुठे आलं? आपण तिथे नसतो तरी ती हेच करते का, एवढं मनवाताईंनी पाहिलं तर प्रश्नच मिटेल.

रणजित_के | १९ नोव्हेंबर, रात्री १०:५०

मान्य, हवेत तोंड मारण्याचा आणि शिस्तीचा संबंध नाही. माझ्या कुत्र्याबाबत मात्र मला फरक पडला हे खरं.

पशुवैद्य_शिरवळ | २० नोव्हेंबर, सकाळी ६:३०

रणजितराव, फरक पडला असं दिसतं खरं. पुष्कळदा कुत्रं गुरगुरणं सोडतं, पण भीती आतच राहते. गुरगुर ही त्याची सूचना असते. ती मारून काढली की पुढच्या वेळी तेच कुत्रं सूचना न देता चावतं. असे चावलेले हात मी पाहिले आहेत, त्यात लहान मुलांचेही.

आता चिंगी. काल दवाखाना उरकून तुमचं लेखन परत नीट वाचलं.

कुत्र्याच्या वागण्यात अचानक बदल झाला की मी आधी शरीर तपासतो, स्वभावाचा विचार नंतर. पोरगं शाळेत जायचं नाही म्हणालं की आई आधी कपाळाला हात लावते, तसंच. ताप, दात, कान, डोळे, मणका, पोट, त्वचा, लिव्हर, मेंदू, थायरॉइड, गोचिडांमुळे होणारे रक्तातले ताप. आपल्याकडे गोचीडताप इतका आहे की धडधाकट, गुटगुटीत दिसणारे कुत्रेही आतून अशक्त असतात.

हवेतली माशी पकडणं याला पूर्वी सरळ मेंदूचा झटका (फिट) समजायचे. काही कुत्र्यांत ते खरंही असतं. डोळ्याच्या आतल्या पाण्यात कण तरंगत असले तरी कुत्रं असं करू शकतं. पण कॅनडात माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात अशी सात कुत्री आली होती, त्यांची पूर्ण तपासणी करून २०१२ साली अहवाल छापला गेला. त्यांच्या व्हिडिओत एक गोष्ट सगळ्यांत सारखी होती: तोंड मारण्याआधी डोकं वर आणि मान लांब. आणि तपासणीत पोटाचे, आतड्याचे विकार सापडले. उपचारानंतर काहींचं हे वागणं पूर्ण थांबलं. त्याच गटाने त्याच वर्षी जमीन, भिंती, सोफा सतत चाटणाऱ्या १९ कुत्र्यांचा अभ्यास केला, त्यातल्या १४ जणांना पोटाचा काही ना काही आजार निघाला. आकडे लहान आहेत, त्यांवरून प्रत्येक कुत्र्याबद्दल निर्णय देता येत नाही. पण ताई, तुम्ही लिहिलंय "मान लांब करून". तुम्ही लिहिलंय जेवणानंतर दीड तासाने. आणि अप्पांनी हात कुठे घातला होता? पोटाखाली.

माणसाला जळजळ झाली की तो आवंढे गिळतो, मान वर करतो, उठून बसतो. कुत्र्याला "मळमळतंय" म्हणता येत नाही.

करायचं काय? एक, मोबाइलवर व्हिडिओ घ्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तिला हाक न मारता. डॉक्टरांसमोर कुत्रं कधीच ते करून दाखवत नाही, म्हणून व्हिडिओसारखं दुसरं काही नाही. दोन, वही घाला: काय खाल्लं, किती वाजता, किती वेळा तोंड मारलं, किती वेळ चाटलं. तीन, त्या वेळी कुणीही तिला उचलायचं, ढकलायचं, ओरडायचं नाही. चार, माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या चुकूनही द्यायच्या नाहीत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते. आणि दहा दिवस पूर्ण झाले, चिंगी ठणठणीत असली की रेबीजची राहिलेली लस टोचून घ्या.

हाक मारल्यावर ती तुमच्याकडे बघते, हे चांगलं आहे. झटक्यात बहुतेक वेळा तेवढं भान राहत नाही. तरी डॉक्टर मेंदूच्या बाजूनेही तपासतील.

एक वेगळी गोष्ट इतर वाचणाऱ्यांसाठी: कुत्रं भिंतीला किंवा कोपऱ्यात कपाळ टेकवून, दाबून उभं राहत असेल तर वही-बिही काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते मेंदूचं किंवा लिव्हरचं लक्षण असतं.

सई_जो | २० नोव्हेंबर, सकाळी ९:१८

अपराधी चेहऱ्याबद्दल. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालक खाऊला हात लावू नको असं सांगून बाहेर जायचा. परत आल्यावर त्याला सांगितलं जायचं की खाल्लं किंवा नाही खाल्लं, आणि ते कधी खरं असायचं, कधी खोटं. कुत्र्याने काय केलं यावर तो चेहरा अवलंबून नव्हताच. मालक रागावला की चेहरा पडायचा. काही न करता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा तर जास्तच.

मनवा, हे नवऱ्याला दाखव. चिंगी त्याचा आवाज ऐकून कान पाडते.

मनवा_नाशिक | २० नोव्हेंबर, सकाळी ११:०२

दाखवलं. तो काही बोलला नाही, पण कामावर निघताना तिच्याजवळ खाली बसला.

आज रात्रीपासून वही.

सदाशिव_जर्सी | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४४

विषयांतर होत असेल तर क्षमस्व. आम्ही न्यूजर्सीत असतो. आमची लॅब्रॅडॉर रमा १३ वर्षांची. तिचं वागणं वेगळं आहे: रात्री घरभर फिरते, सोफ्यामागे जाते आणि मागे कसं फिरायचं ते तिला सुचत नाही, तिथेच उभी राहते. दार उघडायची वाट बिजागरीच्या बाजूला बघते. नातवंडांना कधी ओळखते, कधी नाही. इथल्या डॉक्टरांनी सांधे, डोळे, लघवी, रक्तदाब सगळं तपासून मग सांगितलं की माणसांच्या स्मृतिभ्रंशासारखंच हे आहे.

कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठाने २००१ साली म्हाताऱ्या कुत्र्यांची पाहणी केली होती. ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांत २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्यांत ६८ टक्के कुत्र्यांना अशी किमान एक तरी खूण होती. इतकं असूनही आपण "म्हातारी झाली" म्हणून सोडून देतो. मीही सहा महिने सोडून दिलं होतं. आता सोफ्यामागची जागा उशा लावून बंद केलीय, पॅसेजमध्ये रात्रभर मंद दिवा ठेवतो, संध्याकाळी तिला हुंगायला भरपूर वेळ देतो. गोळ्याही चालू आहेत. रात्री तीनच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. ती सोफ्यामागे अडकली की मी उठतो आणि खांद्याला हात लावून तिला बाहेर आणतो. माझ्या आईला शेवटच्या वर्षी असंच बाथरूमपासून खोलीपर्यंत आणायचो.

पारिजात_ | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

सदाशिवकाका, रमाला माझ्याकडून एक कुरवाळणं.

मीनल_सांगली | २१ नोव्हेंबर, दुपारी १२:२०

आमचा बंड्या सहा वर्षांपर्यंत फटाक्यांना अजिबात घाबरत नव्हता. यंदा दिवाळीत पलंगाखाली शिरला तो बाहेर येईना, आणि आता कुकरच्या शिट्टीलाही दचकतो. हेही शरीराचं असू शकतं का?

पशुवैद्य_शिरवळ | २१ नोव्हेंबर, रात्री ८:५५

असू शकतं, आणि वय वाढल्यावर पहिल्यांदा सुरू झालेल्या आवाजाच्या भीतीत तर मी ते मुद्दाम शोधतो. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१८ साली आवाजाला घाबरणारी २० कुत्री पाहिली. निम्म्यांना स्नायू-सांध्यांचं दुखणं होतं, निम्म्यांना नव्हतं. दुखणं असलेल्यांची भीती बाकीच्यांपेक्षा बरीच उशिरा, सरासरी चार वर्षांनी सुरू झाली होती. दचकलं की अंग आखडतं, आखडलेल्या कंबरेतून कळ जाते, आणि कुत्र्याच्या मनात आवाज आणि कळ यांची गाठ बसते. बंड्याचे मागचे पाय तपासून घ्या. जिना चढताना दोन्ही मागचे पाय एकदम टाकतो का, गादीवर उडी मारण्याआधी थबकतो का, ते बघा.

मीनल_सांगली | २१ नोव्हेंबर, रात्री ९:०१

थबकतो. मला वाटलं आळस करतोय.

मनवा_नाशिक | ७ डिसेंबर, सकाळी १०:३५

उशिरा आले, पण वही पूर्ण करून आले. पंधरा रात्रींची नोंद आहे. सगळी देत नाही, ज्या रात्रींनी माझे डोळे उघडले त्या देते.

२२ नोव्हेंबर: ९:३० ला दूधपोळी आणि उरलेलं पनीर. ११:०५ ला हवेत तोंड ७ वेळा, फरशी १४ मिनिटं.
२३ नोव्हेंबर, रविवार: मटणाच्या रश्श्यातली पोळी (पाहुणे होते, कुणी दिली कळलं नाही). १०:५० ला सुरू, ११ वेळा, फरशी २५ मिनिटं, मधे दोनदा उलटीसारखं केलं पण काही पडलं नाही.
२६ नोव्हेंबर: दूध संपलं होतं, नुसता भात आणि उकडलेलं अंडं. काहीच नाही. सरळ सकाळपर्यंत झोपली.
२७ नोव्हेंबर: परत दूधपोळी. ११:२० ला ५ वेळा, फरशी ९ मिनिटं.

तीन महिने मी छताकडे बघत होते, बॅटरी मारत होते. भांड्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

एका रात्री आम्ही सगळे आत जाऊन दार लावलं आणि मोबाइल बाहेर चालू ठेवला. देवराई म्हणाले होते तसंच झालं. कुणी बघत नसतानाही ती तेच करत होती. नवऱ्याने तो व्हिडिओ दोनदा पाहिला. चाटायचं थांबल्यावर ती पुढचे पाय लांब टाकून, छाती जमिनीला, मागचा भाग वर, अशी बराच वेळ उभी होती. आम्ही याला नमस्कार म्हणायचो. सासूबाई तर कौतुकाने म्हणायच्या, बघा कशी देवाला नमस्कार करते.

पशुवैद्य_शिरवळ | ७ डिसेंबर, दुपारी १:४०

खेळायला बोलावतानाही कुत्री अशी वाकतात, पण तेव्हा शेपूट हलत असते, क्षणात उडी मारतात. एकटीने, रात्री, बराच वेळ तशी उभी राहत असेल तर पोटात दुखतंय. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घ्या. सोनोग्राफीला सहसा उपाशी न्यावं लागतं, किती तास ते तिथेच विचारा.

मनवा_नाशिक | १५ डिसेंबर, रात्री ९:२०

झालं सगळं. डॉक्टर दुसरे शोधले. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, वही वाचली आणि मग तिच्या पोटाला हात लावला. डाव्या बरगडीखाली दाबलं तर चिंगीने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं. गुरगुरली नाही, फक्त पाहिलं. रक्तात फार काही नाही. डोळे, मान, चाल ठीक. सोनोग्राफीत जठराची आतली भिंत सुजलेली, जाड दिसली. नक्की कशामुळे हे कळायला दुर्बीण घालून तुकडा काढावा लागेल, पण त्याआधी आठ आठवडे आहार बदलून बघू म्हणाले. जंताचं औषध, आम्ल कमी करणारी गोळी, आणि खाणं तीन वेळा थोडं थोडं. दूध, पनीर, पोळी, बिस्किटं, चिकन सगळं बंद. तिने आजवर न खाल्लेलं काहीतरी द्यायचं, म्हणून उकडून काटे काढलेला रोहू आणि भात. एवढ्यावर कायम ठेवता येत नाही, कॅल्शियम वगैरे कमी पडतं, म्हणून पुढचं तेच ठरवून देणार आहेत.

दहा दिवस पूर्ण झाल्यावर रेबीजची लसही दिली.

आता प्रश्न घरातल्या माणसांचा आहे. सात वर्षांची सवय. सकाळच्या चहाबरोबर अप्पा तिला बिस्किट देतात, ती बरोबर सातला त्यांच्या खुर्चीपाशी येऊन बसते. आता रोज सकाळी दोघं एकमेकांकडे बघत बसतात.

खाडीकाठ | १५ डिसेंबर, रात्री ९:४८

अप्पांना सांगा, त्या वेळी तिला तिच्याच रोहूचा एक घास हाताने भरवा. तिला सात वाजता अप्पांच्या हातचं हवं असतं. बिस्किटच हवं असं नाही.

मनवा_नाशिक | २ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

बरेच जण विचारत होते म्हणून.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन रात्री झालं. पूर्ण जानेवारीत दोनदा. त्यातलं एकदा संक्रांतीला, कुणीतरी गुळपोळीचा तुकडा टाकला होता. कुणी ते कबूल केलेलं नाही, पण वहीत लिहिलंय. फरशी चाटणं त्या दोन रात्री सोडून नाही. वजन दीड किलोने वाढलंय. अंगावरचे केस परत गुळासारखे चमकतायत. ती चमक कमी झाली होती हे आम्हाला तेव्हा दिसलंच नव्हतं. गोळी हळूहळू कमी करतोय. दुर्बिणीचं डॉक्टर मार्चमध्ये बघू म्हणाले.

सासूबाईंनी नारळ उतरवला, तेही सांगते. मी अडवलं नाही. त्यांनी नारळही उतरवला आणि दोन महिने रोहूचे काटेही त्यांनीच काढले, चष्मा लावून, एकेक.

नवखा_पालक | २ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

आमचं पिल्लू पाच महिन्यांचं आहे, ते पण भिंत चाटतं. लगेच सोनोग्राफी करू का?

पशुवैद्य_शिरवळ | २ फेब्रुवारी, दुपारी २:०५

लगेच नको. पिल्लं जग तोंडानेच बघतात. जंताचं औषध वेळेवर झालंय का, हिरड्या फिकट तर नाहीत ना, एवढं बघा. चुन्याची भिंत खरवडून खात असेल, किंवा रोज ठरावीक वेळी थांबवता न येण्यासारखं चाटत असेल तर दाखवा. आणि वही आत्तापासूनच घाला.

सई_जो | २ फेब्रुवारी, दुपारी ३:२६

मनवा, अप्पा तिला परत फिरायला नेतात का?

मनवा_नाशिक | २ फेब्रुवारी, रात्री १०:५५

नेतात. लसीचा शेवटचा डोस झाला त्याच संध्याकाळी स्वतःहून पट्टा घेतला. उचलत मात्र नाहीत आता. जिन्यात थांबतात, ती पायरी उतरली की मग पुढची पायरी उतरतात.

आत्ता अकराला पाच कमी आहेत. मी सवयीने हॉलमध्ये येऊन बसलेय. चिंगी अप्पांच्या खोलीच्या दाराशी पडलीय, कुशीवर, पाय लांब टाकून.

सदाशिव_जर्सी | ३ फेब्रुवारी, पहाटे ५:१०

वाचलं. इकडे रमा आत्ताच झोपली.

मनवा_नाशिक | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

काल अकरा वाजून गेले, साडेअकरा झाले. उठली नाही. वहीत "काही नाही" लिहून मीही झोपले.